स्वीडन नावाचं स्थळ

आमच्या दाजींचा या जगात कोणावरही विश्वास नाही, आणि चुकून ज्याच्यावर बसतो त्याच्याकडे ते दुप्पट संशयाने बघतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला धारूरला, खाली थोडा कापूस, वर डोंगराच्या उतारावर सीताफळाची झाडं. मी केजला शाळेत इंग्रजी शिकवतो, अंतर फारसं नाही, त्यामुळे दाजींच्या संशयाचा माल मला वर्षभर ताजा मिळत आलेला आहे. ते आमचे जावई झाले त्या दिवशीच त्यांनी पहिल्या पंगतीला बसायला नकार दिला होता. नवरदेव रुसला असं समजून आमच्या वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी हात जोडून विचारलं, काही कमी पडलं का? कमी काहीच पडलं नव्हतं. पहिली पंगत जेवून उठल्यावर माणसं नीट चालतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. आजही कोणाच्याही लग्नात ते दुसऱ्या पंगतीलाच बसतात, आणि बसण्याआधी पहिल्या पंगतीतल्या दोघा-चौघांशी उगाच बोलून घेतात.

एकदा आम्ही गेवराईकडच्या एका वाडीला निघालो होतो आणि रस्ता चुकलो. दाजींनी जीप थांबवून एकाला विचारलं, तो म्हणाला डावीकडं. पुढे दुसऱ्याला विचारलं, तोही म्हणाला डावीकडं. तिसरा शेळ्या वळत होता, त्यानं मान वर न करता काठी डावीकडं दाखवली. "तिघांचं एकच कसं काय येतंय?" असं म्हणून दाजींनी जीप उजवीकडं घातली. पुढे रस्ता संपला, ऊस लागला आणि चाकं चिखलात रुतली. जीप ढकलायला तेच तिघं धावत आले. घामाघूम होऊन त्यांनी ती बाहेर काढली, तर दाजी आभार मानायचे सोडून माझ्या कानाला लागले, "पाव्हणं, आपण हितं हाव ते ह्यांना कसं कळलं?"

कौतुक हा प्रकार तर त्यांना अजिबात सोसत नाही. त्यांची सीताफळं खरोखर गोड असतात. पण तसं कोणी म्हटलं की दाजी हातातलं काम थांबवतात, बोलणाऱ्याला खालपासून वरपर्यंत बघतात आणि म्हणतात, "गोड हायेत ते मला ठावं हाय. तुमाला काय पाह्यजे ते बोला." मुलीनं हौसेनं मोठा फोन घेऊन दिला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर दवाखान्यातली गुलाबी पट्टी चिकटवली. फोन कुठंतरी धडपडून आल्यासारखा दिसायचा. मी म्हटलं, दाजी, तुम्हाला बघून कोणाला काय मिळणार आहे? ते म्हणाले, "त्येच तर. काय बी मिळत न्हाई तरी त्यांनी कॅमेरा दिला. कावून दिला असंल?"

पण ह्या गुणाला तालुक्यात मान आहे, हेही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे मुलीचं स्थळ आलं की माणसं आधी गुपचूप चौकशीला जातात, आणि चौकशीला दाजींसारखा माणूस दुसरा नाही. त्यांचा पहिला नियम असा, की घरच्यांना काही विचारायचं नाही. घरचे चहा देतात, शेजारी खरं सांगतात. बाजारात फळांचा गाडा लावणारे एक चाचा त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. दाजींनी सांगायचा अवकाश, हे चाचा टरबुजं घेऊन त्या गावी जायचे आणि नेमक्या त्या घरासमोर गाडा उभा करायचे. त्या घरात आधी आलेली सून स्वतः बाहेर येते का, आली तर कोणाकडे बघून बोलते, फळ कापल्यावर पहिली फोड कोणाच्या हातात जाते, हे सगळं चाचा बघून यायचे. "फोड आधी पोराला गेली, पोरीला न्हाई. आन सून दाराच्या आडूनच बोलत व्हती," एवढं चाचांनी सांगितलं की दाजी ते स्थळ मोडायचे. किती लग्नं मोडली म्हणून लोक त्यांना शिव्याही देतात. पण ज्यांच्या मुली वाचल्या, ते अजून दिवाळीला फराळ पाठवतात. दाजी तो चाचांनी खाल्ल्यावर खातात. "ह्ये माज्यावर बी शक करतंय बे," असं म्हणत चाचा आनंदानं दोन लाडू जास्त घेतात.

यामागं एक गोष्ट आहे. ती मला अक्कानं सांगितली. दाजींच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. त्यांना एक मोठी बहीण होती. तिचं लग्न ठरलं तेव्हा घर मोठं, माणसं गोड बोलणारी, म्हणून कोणी चौकशीच केली नाही. लग्नानंतर ती एकदा एकटी चालत माहेरी आली, दार वाजवलं, आणि त्यांच्या वडिलांनी समजूत घालून तिला परत नेऊन सोडलं. पुन्हा आली, तेव्हा दार उघडलंच नाही. दाजी तेव्हा लहान होते, आतून कडीला हात पुरत नव्हता. त्यानंतर ती आली नाही, तिची बातमी आली. शेजाऱ्यांना सगळं माहीत होतं, असं नंतर सगळेच म्हणाले. त्यामुळे दाजींच्या संशयावर मी हसतो खरा, पण हसता हसता माझं काळीज तुटतं.

तर अशा माणसाची एकुलती एक मुलगी, माझी भाची मुक्ता. शेतीचं शिकली, पाण्याचा आणि मातीचा पुढचा अभ्यास करायचा म्हणून तिनं कुठं कुठं अर्ज केले, आणि एक दिवस जेवताना शांतपणे म्हणाली, "आबा, मला स्वीडनला प्रवेश मिळालाय. खर्च तेच देणार आहेत. होय की नाही, ते महिनाअखेर कळवायचंय. तुम्ही हो म्हणालात तरच जाईन." अक्काच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. दाजींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "तेच देणार म्हंजे? कावून द्यायलेत?"

मला बोलावणं आलं. मामा इंग्रजीचा मास्तर, त्यानं काय आहे ते वाचून सांगावं. परदेशी मुलांसाठी त्या लोकांनी आपल्या देशाची माहिती लिहिलेली होती, राहणी कशी, रीत कशी, कशाला मान, कशाला नाही. मी एकेक वाचत गेलो आणि दाजी एकेकाला लाल शेरा मारत गेले. तिथं मास्तरांना सर-मॅडम म्हणत नाहीत, नावानं हाक मारतात, असं मी म्हटलं. "मास्तरला? उद्या बापाला बी मारंल." तिथं ठरलेल्या वेळेच्या आधीही जायचं नाही आणि नंतरही नाही. "म्हंजे घरात काय तरी लपवायला येळ पाह्यजे." दुकानात ढकलाढकली नाही, चिठ्ठीवरचा नंबर घेऊन गप उभं राहायचं. "आन नंबर वाटणारा कोणाचा पाव्हणा हाय?" घरात शिरताना चपला बाहेर काढतात, यावर मात्र ते काही बोलले नाहीत. संशय घ्यायला जागा सापडत नव्हती, एवढंच.

मग मी ते वाचलं ज्यानं घरात खरा भडका उडाला. तिथं माळरान आणि जंगल कोणाच्याही मालकीचं असो, कोणीही त्यातून फिरू शकतं, रानातली बोरासारखी फळं वेचू शकतं, तंबू ठोकून झोपूही शकतं. पिकात जायचं नाही, घराच्या अंगणात जायचं नाही, नासधूस करायची नाही, बाकी मोकळीक. बांधावरून चुलतभावाशी दाजींचं कोर्टात चालू आहे, ते माझ्या लग्नाच्याही आधीपासून. त्यांनी विचारलं, "आन मालक काय करतो?" मी म्हटलं, काही नाही. तोही दुसऱ्याच्या रानात फिरतो. "मंग त्यांच्यात वकील कशावर जगत्यात?" मुलं झाली की बापसुद्धा पगारी रजा घेऊन घरी बसतो, लेकराला सांभाळतो, हे मी वाचलं तेव्हा स्वयंपाकघरातून अक्का म्हणाली, "भाऊ, तिचं ऱ्हाऊ दे. माझाच अर्ज भर."

ह्या सगळ्यावर दाजींचं एकच म्हणणं होतं. हे घरच्यांनी लिहिलेलं आहे. मुलाकडचे मुलाचं वाईट सांगतात का कधी? "पाव्हणं, शेजाऱ्याला विचारा. स्वीडनचा शेजारी कोण?" मी नकाशा काढला. इकडे नॉर्वे, तिकडे डेन्मार्क. दाजींचे डोळे बारीक झाले. "बांधाला बांध?" मी म्हटलं, डेन्मार्कच्या मध्ये थोडं पाणी आहे. "म्हंजे ओढ्यापलीकडचा. त्येला जास्त माहीत असतंय."

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त डेन्मार्कला असतो. त्याला फोन लावला. दाजींनी त्याचं गाव, आडनाव, आजोळ सगळं विचारून घेतलं, मग मुद्द्यावर आले. "शेजारची माणसं कशी हायेत?" पोरगं बिचारं गोंधळलं. म्हणालं, कोण शेजारचे? "स्वीडनवाले रे." त्यानं ऑफिसातल्या लोकांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगितलं, की ते लोक फार नियमाचे आहेत, जरा शिष्ट वाटतात, पण माणसं सरळ आहेत. पूर्वी ह्यांच्या आणि त्यांच्या लढाया झाल्या होत्या, आता एकमेकांच्या बोलण्याची चेष्टा करतात, एवढंच. मला वाटलं, आता तरी हो म्हणतील. दाजींनी मान हलवली. "जुनं भांडण असून बी चांगलं बोलतोय, म्हंजे आतून मिळालेले हायेत." चाचांना तर टरबुजं घेऊन तिकडं पाठवता येत नव्हतं. महिनाअखेर जवळ येत चालला होता आणि मुक्ता तोंडानं काही बोलत नसली तरी तिचं जेवण कमी झालेलं मला दिसत होतं.

शेवटी तिनंच तिकडच्या बाईंना कळवलं, की माझ्या वडिलांना तुमच्याशी बोलायचं आहे. इंग्रिड नावाच्या ह्या बाई तिच्या विभागाच्या प्रमुख. आपल्याकडे अशा पदावरच्या माणसाला भेटायला बाहेरच्या बाकावर किती बसावं लागतं हे मी जाणतो. ह्या बाईंनी उलट विचारलं, कोणत्या वेळी सोयीचं पडेल? दुपारी बाराला ठरलं, आणि बाराला फोन वाजला. "दबा धरून बसलती का काय?" दाजी पुटपुटले. फोन त्यांचा, म्हणून पट्टी तशीच. समोर गोऱ्या, साठीच्या, केस कापलेल्या बाई दिसत होत्या आणि त्यांना समोर नुसताच अंधार दिसत होता. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं दिवस आहे ना? मी म्हटलं, आहे, आमच्या फोनला थोडं लागलंय.

मी मधला दुभाषी. बाई म्हणाल्या, मला इंग्रिड म्हणा, मी तुम्हाला काय म्हणू? दाजी म्हणाले, "मुलीचा बाप म्हणा. नाव मागून बघू." मी ते सांगितलं. बाई हसल्या नाहीत, बरं म्हणाल्या. मग दाजींनी जे विचारलं त्यानं मुक्ता आणि मी दोघंही चरकलो. स्थळाच्या दारात बसून हा प्रश्न कोणी विचारत नाही. सोयरीक तिथंच मोडते. त्यांनी स्वतःही कधी विचारला नव्हता. पण शेजारी फितूर निघाला होता, चाचांचा गाडा पोचत नव्हता, दुसरा मार्ग उरला नव्हता. ते फोनजवळ वाकले आणि म्हणाले, "बाई, तुमच्यात खोट काय हाय ते सांगा."

मी ते जमेल तेवढं मऊ करून इंग्रजीत घातलं. बाई गप्प झाल्या. मला वाटलं, झालं, फोन ठेवतात आता. पण त्या विचार करत होत्या. मग त्या बराच वेळ बोलल्या आणि मी दाजींना म्हटलं, त्या म्हणतात, थंडी जरा जास्त असते. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते गोड बोलणाऱ्या वरबापाकडे बघतात. "पाव्हणं, बाई एवढा येळ बोलली. तुमी थंडीतच कसं उरकलं? सगळं सांगा."

मग मी सगळं सांगितलं, बाईंच्याच शब्दांत. हिवाळ्यात दिवस नावालाच उगवतो, सकाळी मुलं अंधारात वर्गात येतात आणि दुपारी अंधारातच परत जातात. खोली मिळायला त्रास होतो. आमची माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात, पण नव्या माणसाशी आपणहून बोलत नाहीत. भिंतीला भिंत लावून वर्षभर राहतात आणि शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं. बोलावल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही. लांबून आलेली मुलं पहिल्या हिवाळ्यात रडतात. माझ्यासमोर बसून रडलेली आहेत. हे आम्ही माहितीत लिहितो, पण पुरेसं लिहीत नाही, असंही त्या म्हणाल्या.

दाजींनी विचारलं, "रातबेरात तिला काय झालं, तर शेजारी येतील का धावून?" बाई म्हणाल्या, आपणहून कदाचित येणार नाहीत. त्यांना वाटेल, तिला एकटं राहायचं असेल. दाजींचा आवाज अगदी खाली आला. "आन तिनं दार वाजवलं तर?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, वाजवलं तर उघडतील. पहिलं उघडलं नाही तर तिनं दुसरं वाजवावं. माझंही वाजवावं. फक्त तिला वाजवायला शिकवून पाठवा; मुलं लाजतात.

मी सांगितलं. दाजींनी फोन उचलला, कपड्याला पुसला, आणि नखानं ती गुलाबी पट्टी हळूहळू सोलून काढली. पलीकडे बाईंना पहिल्यांदा एक उन्हानं रापलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस दिसला असेल. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "रामराम, बाई." फोन बंद झाल्यावर ते मुक्ताकडे न बघता म्हणाले, "स्थळ खरं हाय. आपलं वंगाळ आपल्या तोंडानं सांगितलं. इतक्या जागी गेलो, कोणी सांगितलं न्हाई. कळव त्यांना." मुक्ता उठली आणि बापाच्या गळ्यात पडून रडली. अक्का भिंतीकडे तोंड करून उभी होती. दाजींनी पट्टी पुन्हा कॅमेऱ्यावर चिकटवली.

त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत त्यांनी मुलीचा सराव घेतला. धारूरला दिवसा दारं उघडीच असतात. हाक मारत माणूस सरळ चुलीपर्यंत जातो. दाजी मात्र मुक्ताला वाटी देऊन गल्लीत पाठवायचे. उघडं दार असलं तरी बाहेर थांबायचं, कडी वाजवायची, कोणी आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, आणि मग साखर मागायची. ते समोरच्या लिंबाखाली उभे राहून बघत. "हळू वाजवलीस. आत कोणाला ऐकू गेलं न्हाई. पुन्ना." गल्लीतल्या बायका बुचकळ्यात पडल्या, पोरीला काय झालंय, कडी कशाला वाजवतेस माय, ये की आत. अक्का वैतागली. घरात डबा भरून साखर असताना लोकांत शोभा करायलेत म्हणाली. एका सासुरवाशिणीनं तर काळजीनं मुक्ताला विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? त्या दिवशी दाजी खूश होते. "बघा, दार वाजलं की माणूस इचारतंय," असं मला म्हणाले.

मुक्ता गेली. तिकडं रुळली, नावानं हाका मारायला शिकली, ठरलेल्या वेळी सगळ्यांनी काम टाकून कॉफी प्यायला बसायची रीत असते, तीही शिकली. त्या कॉफीवर दाजींचा अजून संशय आहे. काम सोडून एकत्र बसतात म्हणजे काहीतरी ठरवत असणार. थंडी पडली, आणि बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. फोनवर तिचा आवाज बारीक यायला लागला. एकदा तिनं शेजारणीचं दार वाजवलं, म्हणाली. उघडलं. शेजारणीनं तिला मेणबत्ती लावून सूप दिलं, दोघी फार बोलल्या नाहीत. दाजींनी हे माझ्याकडून परत परत वदवून घेतलं. कशाचं सूप, एवढंच त्यांना अजून कळलेलं नाही.

परवा सुट्टी होती म्हणून मी धारूरला गेलो होतो. दुपारची वेळ, म्हणजे मुक्ताकडे सकाळ. फोन आला. दाजींनी रोजचा प्रश्न विचारला, "उजाडलं का गं?" ती म्हणाली, "न्हाई आबा, अजून." ते उठले आणि फोन घेऊन अंगणात आले. ऊन असं पडलं होतं की डोळे उघडवत नव्हते. वाळत घातलेल्या तुरीवर, गोठ्याच्या पत्र्यावर, सीताफळाच्या झाडावर, सगळीकडे. त्यांनी फोन हातात धरून हळूहळू सगळ्या अंगणावर फिरवला आणि मग तुरीवर धरून तसेच उभे राहिले. "ह्ये घे," म्हणाले. हात भरून आला तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या हातात घेतला, पण खाली केला नाही.

फोन संपल्यावर माझं लक्ष गेलं. पट्टी कुठंच नव्हती. मी विचारलं, दाजी, पट्टी काढली की काय? त्यांनी माझ्याकडे त्या जुन्या नजरेनं बघितलं, हा कशासाठी विचारतोय अशा. मग फोन खिशात ठेवत म्हणाले, "कोणाला बघायचं त्येला बघू द्या, पाव्हणं. ऊनच हाय. आपल्याकडं लई पडलंय, तिकडं पुरत न्हाई."